चौथा चतकोर

आमच्या शॉपच्या दारात, हजेरीच्या मशीनशेजारी एक पांढरा बोर्ड आहे. उभ्या रांगेत माणसांची नावं, आडव्या रांगेत मशीन आणि ऑपरेशन, आणि प्रत्येक चौकटीत एक गोल. भाकरीचे चार चतकोर करावेत तसे त्या गोलाचे चार भाग केलेले. पहिला चतकोर काळा म्हणजे या माणसाला काम माहिती आहे, दुसरा काळा म्हणजे कुणी शेजारी असेल तर करतो, तिसरा म्हणजे एकटा करतो, आणि चौथा काळा झाला म्हणजे तो हे काम दुसऱ्याला शिकवू शकतो. याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात, भोसरी, चाकण, रांजणगाव, कुठल्याही पार्ट बनवणाऱ्या कंपनीत गेलात तर भिंतीवर हा बोर्ड दिसणारच.

बरीच वर्षं हा बोर्ड मी ऑडिटच्या आदल्या दिवशी मार्कर घेऊन भरला आहे. ज्याला कंपनीत आठ-दहा वर्षं झाली त्याचा चौथा चतकोर काळा. त्याने कधी कुणाला शिकवलंय का, शिकवताना तो काय बोलतो, समोरच्याला ते कळतं का, हे मी एकदाही उभं राहून बघितलं नव्हतं. काम येतं म्हणजे शिकवता येतं असं मी धरूनच चाललो होतो. ते किती चुकीचं आहे हे कळायला मला जवळजवळ सतरा-अठरा वर्षं लागली आणि त्यात एका पोराच्या बोटांची किंमत मोजली गेली, म्हणून हे सगळं लिहून काढावंसं वाटतंय.

मी आयटीआय टर्नर, म्हणजे लेथवर, लोखंड गोल फिरवून कापणाऱ्या मशीनवर काम करणारा. दोन वर्षांचा कोर्स. सुरुवातीचे कित्येक आठवडे फक्त फायलिंग, म्हणजे साध्या पोलादाचा ठोकळा व्हाइसच्या जबड्यात धरायचा, फाईल मारायची, गुण्या लावायचा, उजेडाकडे धरून बघायचं आणि फटीतून उजेड दिसला की परत फाईल. तेव्हा वाटायचं की मशीनच्या जमान्यात हे कशाला, पण हाताला सपाट म्हणजे काय ते तिथंच कळलं. १९९८ ला भोसरीत एका छोट्या शॉपमध्ये लागलो आणि मामांच्या हाताखाली गेलो. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. मूळचे कोल्हापूरचे, उद्यमनगरात चौदाव्या वर्षापासून लेथवर उभे राहिलेले, शाळा सहावीपर्यंत.

मामांची शिकवायची पद्धत म्हणजे एक शब्द, "बघ." पहिले तीन महिने मी चिप्स काढल्या, कुलंट भरला, टूल धार लावून आणली, मशीन पुसलं, आणि उरलेला वेळ त्यांच्या डाव्या खांद्यामागे उभं राहून बघितलं. का ते विचारलं की म्हणायचे, "हात चालायला लागला की कळेल." आणि खरंच बरंचसं कळलंही. एकदा मी चक, म्हणजे जॉब धरून फिरवणारा लेथचा जबडा, आवळून त्याची चावी तशीच त्यात ठेवली आणि हात मशीन चालू करायच्या लिव्हरकडे गेला, तर मामांनी माझं मनगट असं पकडलं की तिथं दोन दिवस दुखत होतं. आवाज न चढवता त्यांनी चावी काढून ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाले, "आधी ही इथं. मग हात तिथं." आज सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनंतरही चावी ट्रेमध्ये दिसल्याशिवाय माझा हात लिव्हरकडे जात नाही. त्या दिवशी मामा शेजारी नसते तर चक फिरल्याबरोबर ती चावी कुठं जाऊन लागली असती कोण जाणे.

म्हणून मी या जुन्या पद्धतीला नावं ठेवणार नाही. आमच्या भागात तालमीचा वस्ताद असाच शिकवतो, पोरगं आधी माती उकरतं, हौदा भिजवतं, इतरांच्या कुस्त्या बघत बसतं, आणि मग एके दिवशी वस्ताद स्वतः लंगोट लावून समोर येतो आणि अंगाला अंग लावून डाव दाखवतो. यात माणूस माणसाजवळ असतो ही फार मोठी गोष्ट आहे. पण एक म्हणतात ना, वस्ताद सगळे डाव शिकवतो आणि एक स्वतःपाशी राखून ठेवतो. मामांबद्दलही शॉपमध्ये लोक असंच बोलायचे, आणि ते खरं नव्हतं हे मला खूप उशिरा समजलं.

ते कसं, ते सांगतो.

२०१४ ला मामा रिटायर झाले. तोवर मी दुसऱ्या, जरा मोठ्या कंपनीत सुपरवायझर होतो आणि मामांनाही मीच तिथं आणलं होतं. आमच्याकडे पातळ भिंतीचा एक बुश, म्हणजे नळीच्या तुकड्यासारखा पोकळ गोल पार्ट, होता, बाहेरून साठ मिलीमीटर आणि भिंत जेमतेम तीन मिलीमीटर. सगळं रफ काम सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर व्हायचं पण आतला फिनिश बोअर, म्हणजे भोकाचा शेवटचा बारीक कट, मामा साध्या लेथवर मारायचे, वर्षानुवर्षं, आणि त्या बुशची तक्रार कधी आलीच नाही त्यामुळे त्याच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. मामा गेल्यावर दुसरा चांगला, अनुभवी ऑपरेटर तिथं लावला. त्याने मामांबरोबर पंधरा दिवस काढले होते, बोर्डवर त्याचे तीन चतकोर मी स्वतः काळे केले होते. दीड महिन्यात गिऱ्हाइकाकडून तीनशे साठ बुश परत आले. असेंब्लीत बसत नाहीत म्हणून.

आम्ही बोअर गेजने मापले तर माप बरोबर. परत मापले, परत बरोबर. ज्या ऑपरेटरने केले तो बिचारा शपथा घेऊन सांगत होता की सर मी प्रत्येक पीस चेक केलाय. पण प्लग गेज, म्हणजे भोकात घालून बघायचा ठरलेल्या मापाचा दांडा, लावलं तर त्याची आत जायलाच हवी ती बाजू जात नव्हती. दोन दिवस आम्ही गेजलाच दोष देत बसलो. शेवटी क्वालिटीतल्या एका मुलाने एक बुश गोलाई बघायच्या मशीनवर लावला आणि कागदावर जे चित्र आलं ते बघून मी खुर्चीतच बसलो, गोल नव्हताच तो, तीन बाजूंनी फुगलेला होता. थ्री जॉ चकचे तीन जबडे जिथं दाबतात तिथं पातळ बुश आत दबतो, दबलेल्या अवस्थेत आपण आतून छान गोल मारतो, आणि चक सोडला की बुश परत फुलतो आणि आपण मारलेला गोल वाकडा होतो. आणि तीन फुगवटे असले की समोरासमोरच्या दोन टोकांमध्ये मापणारं गेज फसतं, कारण एका बाजूला फुगवटा असतो तेव्हा बरोबर समोर खळगा असतो, बेरीज जवळजवळ तेवढीच येते.

मग मामा काय करत होते? त्यांना फोन लावला. ते शेतात होते, मागे इंजिनचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, शेवटच्या कटाआधी चक ढिला करायचा जरा. जॉबला श्वास घेऊ द्यायचा. मग हलक्या हाताने परत धरायचा आणि अगदी बारीक कट घ्यायचा." मी म्हटलं मामा, हे तुम्ही त्याला सांगितलं का नाही? त्यावर ते खरोखर बुचकळ्यात पडले. म्हणाले, "हे काय सांगायचं? हे तर सगळ्यांनाच माहिती असतं ना?"

मामांनी डाव राखून ठेवला नव्हता. तो डाव आहे हेच त्यांना माहिती नव्हतं. चाळीस वर्षांत ती गोष्ट डोक्यातून हातात उतरली होती, आणि हातातली गोष्ट तोंडाने कशी येणार? आणि तो ऑपरेटर पंधरा दिवस शेजारी उभा होता, त्याने मामांना चक ढिला करून परत आवळताना बघितलंही होतं, मी नंतर विचारलं तर म्हणाला की हो बघितलं होतं, मला वाटलं पकड नीट बसली नाही म्हणून परत धरतायत. म्हणजे बघून शिकायला गेलं तर डोळ्याला हालचाल दिसते, तिच्यामागचं कारण दिसत नाही, आणि कारण नाही कळलं की माणूस बरोबर तीच हालचाल गाळतो जी महत्त्वाची असते, कारण त्याला ती फालतू वाटते.

दुसरी गोष्ट लिहायला जड जाते. मी मध्यंतरी काही काळ एका वेगळ्या कंपनीत होतो. नवीन पोरांचं इंडक्शन व्हायचं, एसी रूममध्ये एक पूर्ण दिवस, चाळीस-पन्नास स्लाइड, कंपनीचा इतिहास, सुट्ट्यांचे नियम, कॅन्टीनच्या वेळा आणि मध्ये कुठंतरी सेफ्टी. शेवटी हजेरीपत्रकावर सही. त्या स्लाइडमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत. लातूरकडचा एक मुलगा, वीस वर्षांचा, त्याला सकाळी डिबरिंगला, म्हणजे पार्टच्या धारदार कडा घासायला बसवलं, तिथं हातमोजे घालावेच लागतात नाहीतर धारेने बोटं कापतात, आणि तिथल्या माणसाने त्याला दोनदा रागावून सांगितलंही की मोजे काढू नको. दुपारी ड्रिल मशीनवर माणूस कमी पडला म्हणून त्याला तिकडे पाठवला. तो तसाच गेला, मोजे घालून. चिप बाजूला करायला हात नेला, कापडी मोज्याचा धागा ड्रिलला लागला आणि हात ओढला गेला. दोन बोटं मोडली. बरी झाली नंतर, पण सरळ नाही झाली.

चौकशीत त्याच्या सहीचा कागद काढला गेला. याला ट्रेनिंग दिलेलं होतं, ही बघा सही. मी त्या खोलीत होतो आणि गप्प बसलो, ते माझ्या मनातून जात नाही. त्या पोराला सकाळी एका माणसाने मोजे घाल म्हणून सांगितलं आणि पंधरा दिवसांपूर्वी एका स्लाइडने घालू नको म्हणून सांगितलं. दोन्हीकडे कारण कुणीच सांगितलं नाही. कापड फिरत्या गोष्टीत अडकतं आणि कापड फाटायच्या आधी हात आत जातो, एवढं एक वाक्य. हे वाक्य त्याच्या डोक्यात असतं तर त्याला नियम पाठ असायची गरजच नव्हती, त्याने ड्रिल बघूनच मोजे काढले असते.

वर्गात बसवून शिकवायचंच नाही असं मी म्हणत नाहीये. ड्रॉइंग वाचायला, टॉलरन्स म्हणजे मापात किती फरक चालतो ते समजायला, मायक्रोमीटरचा वाचन-हिशोब शिकायला फळा लागतोच, मशीनच्या आवाजात ते होत नाही. पण वर्गात सांगितलेलं हातापर्यंत पोचलं का, ते मशीनपाशी जाऊन बघायचं काम कुणाचंच नव्हतं.

यानंतर दोनेक वर्षांनी चिंचवडला एका वर्कशॉपला कंपनीने मला पाठवलं. रोज दोन तास, असे पाच दिवस. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी पिशवीतून दोन पदरी वायरचे तुकडे काढले आणि म्हणाल्या की आज गाठ मारायची. आपल्याकडे वायरमन बल्बच्या होल्डरच्या टोपीत वायरला एक गाठ मारतो बघा, वायर खालून ओढली गेली तरी ताण स्क्रूवर येऊ नये म्हणून, ती गाठ. त्यांनी एका माणसाला पुढे बोलावलं आणि त्याला फक्त तोंडाने सांगितलं, उजवा पदर असा घ्या, डाव्याच्या मागून न्या, फासातून काढा. त्याला नाही जमली. मग दुसऱ्याला बोलावलं आणि एक शब्द न बोलता समोर उभं राहून चार वेळा मारून दाखवली. त्यालाही नाही जमली, समोरून बघताना डावं-उजवं उलटं होत होतं. आम्ही सगळे इंजिनिअर, सुपरवायझर, पंधरा-वीस वर्षं लोकांना शिकवतोय असं समजणारे, आणि एक गाठ जमत नाहीये.

मग त्यांनी तिसऱ्याला बोलावलं. आधी विचारलं, ही गाठ कुठं लागते माहितीये का, घरी होल्डर उघडलाय का कधी. त्याला आपल्या बाजूला उभं केलं, समोर नाही. एकदा करून दाखवली आणि नुसत्या पायऱ्या सांगितल्या. परत केली आणि प्रत्येक पायरीला नेमकं काय सांभाळायचं ते सांगितलं. तिसऱ्यांदा केली आणि ते का सांभाळायचं ते. मग वायर त्याच्या हातात. आधी गप्प राहून कर. मग पायऱ्या बोलत कर. मग काय सांभाळायचं ते बोलत. मग का, ते बोलत. आठ-दहा मिनिटांत तो माणूस ती गाठ डोळे मिटून मारत होता आणि शेजारच्याला समजावत होता.

ही पद्धत काही आजची नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेतले कारागीर सैन्यात गेले आणि कारखान्यात ज्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं अशी माणसं आली, त्यात बायका फार मोठ्या संख्येने, तेव्हा तिथल्या सरकारने १९४० सालीच काढलेला ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा कार्यक्रम कामाला आला. १९४५ ला तो बंद झाला तोवर साडेसोळा हजारांच्या आसपास कारखान्यांत पोचला होता. त्यात शिकवायच्या चार पायऱ्या ठरवल्या, माणसाला तयार करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, आणि नंतर परत परत जाऊन बघत राहा. सुपरवायझरला खिशात ठेवायला एक छोटं कार्ड द्यायचे, त्यावर एक ओळ होती, कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. युद्धानंतर हेच जपानला गेलं आणि टोयोटासारख्या कंपन्यांनी ते इतकं मनावर घेतलं की आज आपण ते जपानी म्हणूनच ओळखतो.

ती ओळ ऐकली तेव्हा मला त्या चौकशीच्या खोलीतली सही आठवली.

घरी जाताना आजोबा आठवत होते. आमचं गाव कुंडलच्या अलीकडे. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली, आणि लोक त्यांना कारखानदार म्हणून ओळखतात पण त्याआधी ते मुंबईला व्हीजेटीआयमध्ये मास्तर होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आजोबा पुढे बऱ्याच वर्षांनी तिथं फाउंड्रीत लागले, शेतातून उठून थेट. ते सांगायचे की मोल्डिंगची, म्हणजे लोखंड ओतायच्या साच्याची, माती बरोबर झाली का ते मुठीत दाबून बघायचं, मूठ उघडली की बोटांचे ठसे दिसले पाहिजेत आणि गोळा दोन्ही हातांनी मोडला की कडा न सांडता तुटला पाहिजे. ओली जास्त असेल तर ओतल्यावर वाफ होते आणि कास्टिंगला भोकं पडतात. नव्वदीजवळ आलेले आजोबा हे अंगणातली माती घेऊन मला दाखवायचे. त्यांना कुणीतरी कारणासकट शिकवलं होतं, म्हणूनच ते नातवापर्यंत आलं.

तोवर मी बुशवाल्या कंपनीत परत आलो होतो. तर आम्ही काय केलं, मामांना परत बोलावलं. आठ दिवस, रोजचा पगार देऊन, राहायची सोय माझ्याच घरी. मॅनेजमेंटला हे पटवायला मला तीन मीटिंग लागल्या, रिटायर माणसाला पैसे देऊन नुसतं बोलायला कशाला आणायचं असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मी तीनशे साठ बुशांचं बिल पुढे ठेवलं.

मामांच्या शेजारी एक मुलगी बसवली, जालन्याची, आयटीआय मशिनिस्ट, अप्रेंटिस म्हणून आली होती. तिच्याकडे एक कागद, तीन रकाने, पायरी, काय सांभाळायचं, का. पहिला दिवस पूर्ण वाया गेला. मामा काम करायचे आणि म्हणायचे, लिही, बोअर मारला. ती विचारायची, मामा कसा? ते म्हणायचे, "कसा म्हणजे, मारतात तसा." दुसऱ्या दिवशी तिने प्रश्न विचारायचंच सोडलं आणि फक्त त्यांच्या हाताकडे बघत बसली. मध्येच एकदा मामांचा हात फीडवर, म्हणजे टूल पुढे सरकवायच्या चाकावर, अर्धा सेकंद थांबला आणि परत चालला. ती म्हणाली, "मामा, आत्ता हात का थांबला तुमचा?" मामांनी मशीन बंद केलं. जरा वेळ विचार केला. म्हणाले, "थांबला का? ... हां. आवाज बसला. टूलची धार गेली की आवाज जाड होतो, जरा थांबून ऐकलं." तिने लिहिलं. मग म्हणाले, "आणि चिप बघ, आधी चंदेरी यायची, आता निळी पडायला लागली." तेही लिहिलं.

त्यानंतर जणू बांध फुटला. आठ दिवसांत तिने एकोणीस कागद भरले. शेवटच्या दिवशी मामा ते कागद हातात घेऊन बराच वेळ बघत होते, वाचत होते की नुसतं बघत होते माहिती नाही. म्हणाले, "एवढं सगळं होतं होय रे माझ्याकडं?" माझ्याकडे बघून म्हणाले. मला बोलता आलं नाही काही.

आता बऱ्याच पद्धती एकदम चालतात आमच्याकडे. एक डोजो केलाय, म्हणजे शॉपच्या कोपऱ्यात खोटं स्टेशन, जुनं मशीन, स्क्रॅपचे जॉब, नव्या माणसाने तिथं पहिला आठवडा काढायचा, नट आवळायचा, गेज लावायचं, चांगल्या आणि खराब पार्टमधला फरक डोळ्याने ओळखायचा, चुकला तरी कुणाचं काही जात नाही. जपानीत हा शब्द कराटे-ज्यूदो शिकायच्या जागेसाठी आहे, म्हणजे तालीमच की. चांगली गोष्ट आहे, भीती जाते. फक्त तिथं टार्गेट नसतं आणि शेजारच्या प्रेसचा दणका नसतो, त्यामुळे डोजोत पास झालेला माणूस लाइनवर पहिले दोन दिवस परत गोंधळतो, तेव्हा शेजारी कुणीतरी लागतंच. व्हिडिओ पण केलेत, मशीनवर क्यूआर कोड चिकटवलाय, स्कॅन केला की त्या जॉबचं सेटिंग दिसतं, मराठीत आणि हिंदीत दोन्ही, कारण आमची अर्धी पोरं बिहार, यूपी, ओडिशाची आहेत आणि नुसती मराठी एसओपी, म्हणजे कामाच्या पायऱ्यांचा कागद, लावून काय उपयोग. रात्रपाळीला तर हे व्हिडिओ फार कामाला येतात. पण व्हिडिओ तुमचा हात कुठं चाललाय ते बघत नाही. मनगट पकडायला माणूसच लागतो.

आणि अप्रेंटिसबद्दल मनापासून एक बोलायचंय. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, तीस किंवा जास्त माणसं असतील तर एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, २०१६ पासून केंद्राची योजना स्टायपेंडमध्ये वाटा उचलते, २०२४ ला आपल्या राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात बारावीला सहा हजार, आयटीआय-डिप्लोमाला आठ, पदवीधरांना दहा हजार महिना. हे सगळं चांगलं आहे, व्हायलाच पाहिजे. पण या योजनेतून आलेल्या पोराला पहिल्या दिवशी ट्रॉली ढकलायला लावली आणि शेवटच्या दिवशीही तो ट्रॉलीच ढकलत असेल तर त्याच्या आयुष्यातले ते महिने आपण खाल्ले. मी अशी पोरं इंटरव्ह्यूला बघतो. हातात सर्टिफिकेट असतं, वर्षभर अमुक कंपनीत प्रशिक्षण, आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, दिलं की हात थरथरतो. त्या पोराची चूक नसते हो. कुणीतरी त्याचा गोल मार्करने काळा केलेला असतो.

चारातली चौथी पायरी, परत परत जाऊन बघायची, तीच सगळे गाळतात. मीही गाळायचो. दाखवलं, करून घेतलं, जमलं म्हणाला, झालं, आपण आपल्या टार्गेटकडे. कारण शिकवणाऱ्यालाही त्याच दिवशी तेवढेच पीस काढायचे असतात जेवढे शिकवत नसताना. एका तासाला बारा जॉब काढणाऱ्या माणसाला आपण म्हणतो याला शिकव, आणि संध्याकाळी त्याचा आकडा कमी आला की सगळ्यांसमोर विचारतो का कमी आला. मग तो दुसऱ्या वेळी नव्या माणसाला म्हणतो, "बाजूला उभा राहा आणि बघ." मामाही कदाचित म्हणूनच म्हणत असतील. त्या काळी पीसवर पैसे मिळायचे.

म्हणून बोर्डचा नियम बदलला. चौथा चतकोर आता मी भरत नाही. ज्याने शिकवलं त्याचा शिष्य महिन्याभरानंतर एकटा, रिजेक्शन न काढता काम करत असेल आणि का ते सांगू शकत असेल, तर शिकवणाऱ्याचा चतकोर काळा. पहिल्या झटक्यात बोर्डवरचे बरेच काळे चतकोर पांढरे झाले. दोन-तीन सिनियर लोक दुखावले माझ्यावर, एकाने आठवडाभर बोलणं टाकलं, आणि त्यांचं वाईट वाटणं मला समजत होतं. ऑडिटरने विचारलं की गेल्या वर्षीपेक्षा स्किल कमी कसं काय झालं. मी त्याला खरं ते सांगितलं आणि ते मामांचे कागद दाखवले, तो अर्धा तास ते चाळत बसला होता.

जालन्याची ती मुलगी आता आमच्याकडे पर्मनंट आहे. मागच्या महिन्यातली गोष्ट, मी दुपारी शॉपमध्ये चक्कर मारत होतो, ती समस्तीपूरहून आलेल्या एका नव्या मुलाला बुशवर उभं करत होती. त्याच्या समोर नाही, शेजारी, त्याच्याच बाजूला तोंड करून. दोन्ही हात तिने पाठीमागे धरले होते, मी नंतर विचारलं तर म्हणाली, "सर, हात मोकळे असले की मधे घालावेसे वाटतात." तो मुलगा करता करता बोलत होता, "अब चक ढीला करेंगे." ती म्हणाली, "क्यों?" तो थांबला, जॉबकडे बघितलं, म्हणाला, "दीदी, दबा हुआ है ना. छोड़ेंगे तो फूलेगा. तो अभी फूलने दो, फिर काटो." तिने मान हलवली. त्याने हलक्या हाताने चक परत धरला, चावी काढून ट्रेमध्ये ठेवली आणि मग लिव्हरला हात घातला.

शिफ्ट संपताना ती माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "सर, याला मी उद्या दुपारी एकदा बघणार, मग गुरुवारी, मग पुढच्या सोमवारी. त्या तीन दिवशी माझे पीस साठ धरू नका, चाळीस धरा. आधीच सांगते, संध्याकाळी बोर्डपाशी उभं राहून सांगायला नको."

मी प्लॅनिंगची शीट उघडली आणि तिच्यासमोरच तिन्ही तारखांना तिच्या नावापुढे चाळीस टाकले. ती वाकून तिन्ही आकडे बघून गेली.